हवामान बदल : खात्री कशाची, अनिश्चितता कशाची आणि ऊन कोणाच्या डोक्यावर

(पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय होता 'हवामान बदल आणि आपला समाज'. या विषयावरचं भाषण कसं होतं ते आपण सगळे जाणतो. पूर आला की आधी आपली वस्ती बुडते, दुष्काळ पडला की टँकर आपल्याकडे सगळ्यात शेवटी येतो, ऊन वाढलं की उन्हात आपलाच माणूस असतो. हे सगळं खरं आहे. पण ते तुम्ही माझ्याकडून ऐकायची गरज नाही, अनेकांनी ते घरीच पाहिलंय. म्हणून मी आज विज्ञानाबद्दल बोलणार आहे. त्यातही विज्ञानाला जे पक्कं ठाऊक नाही, त्याबद्दल जरा जास्त.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. माझं भौतिकशास्त्र बारावीला सुटलं. पण संशोधन उन्हात राबणाऱ्या मजुरांवर आहे, त्यामुळे हवामानशास्त्र नव्याने, अडखळत वाचावं लागलं. वाचताना एक गोष्ट जाणवली. आपल्याकडच्या शिकलेल्या मुलामुलींमध्ये या विषयावर दोन मतं सर्रास ऐकू येतात. एक, हे श्रीमंत देशांचं थोतांड आहे, आपला विकास रोखायला काढलेलं. दोन, आता सगळं संपलंय, काही होऊ शकत नाही. दोन्ही मतांचा एक मोठा फायदा असा की काही वाचावं लागत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. गावाकडे गेलं की रेशनकार्डात नाव कसं चढवायचं इथपासून मुलीला कुठल्या साइडला घालायचं इथपर्यंत सगळं आपल्यालाच विचारतात. आणि हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, 'पाऊस असा का वागतोय? हे खरंच माणसाने केलंय का?' या प्रश्नाला आपण जेवढं माहीत आहे तेवढंच उत्तर द्यावं. फुगवूनही नको, कमीही नको. ते उत्तर कसं द्यायचं, एवढाच आजचा विषय आहे असं समजा.

आधी खात्रीचं बोलते. हे ज्ञान कालपरवाचं नाही. पृथ्वीभोवतीची हवा उष्णता धरून ठेवते हे फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडलं. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि निवायलाही त्यालाच जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वीचं तापमान वाढेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध मात्र त्यांनी वाचला नाही, जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञांनी वाचला. पुढे श्रेय जॉन टिंडॉल यांना मिळालं. त्यांनी १८५९ पासून जास्त नेमकी मोजमापं केली, हेही खरं. पण फूट यांचं नाव दीडशे वर्षं कुणी घेतलं नाही. २०११ मध्ये एका निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञाने ते उजेडात आणलं. ज्ञान कोण तयार करतं आणि नाव कोणाचं लागतं यावर आपण इथे अख्खा दिवस बोलू शकतो. पुढे जाऊ.

१८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी हातांनी गणितं करून काढलं की हा वायू दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजच्या अंदाजापेक्षा ते जास्त आहे, पण दिशा बरोबर होती. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख कणांत तो ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो २८० होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या वर कधी गेल्याचं दिसत नाही.

आता कुणी विचारेल, वाढलेला कार्बन माणसाचाच कशावरून? ज्वालामुखीचा का नाही? प्रश्न चांगला आहे. कार्बनला त्याचा दाखला असतो, आणि त्याच्या पडताळणीसाठी समितीकडे खेटे घालावे लागत नाहीत. कार्बन तीन वजनांचा असतो, बारा, तेरा आणि चौदा. झाडं हलका कार्बन जास्त उचलतात. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं आणि सूक्ष्म जीव. म्हणून त्यांच्यात तेरा वजनाचा कार्बन कमी असतो, आणि चौदा वजनाचा तर इतक्या काळात विरून पूर्ण संपलेला असतो. कोळसा-तेल जाळून हवेत कार्बन मिसळत असेल, तर हवेतलं तेराचं प्रमाण घटायला हवं. मोजलं, तर ते घटतंय. ज्वालामुखीच्या कार्बनमुळे तसं झालं नसतं.

दुसरा प्रश्न सूर्याचा. सूर्यच जास्त तापला असेल तर? तसं असतं तर हवेचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर म्हणतात तो, थंड होतोय. उष्णता खालीच अडकते आहे याची ही खूण. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा थेट मोजतात आणि तिच्यात या वाढीचं कारण ठरेल अशी वाढ नाही. हे इतकं पक्कं आहे की यावर 'दोन बाजू' असतात असं म्हणणाऱ्याशी मी हल्ली वाद घालत नाही, त्याला वाचायला देते.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची भाषा बघा. १९९५ च्या अहवालात लिहिलं, माणसाचा प्रभाव ओळखू येण्यासारखा आहे. २००१ मध्ये लिहिलं 'संभाव्य', २००७ मध्ये 'फार संभाव्य', २०१३ मध्ये 'अत्यंत संभाव्य'. २०२१ मध्ये लिहिलं, निःसंशय. हे शब्द हवेत फेकलेले नाहीत, प्रत्येकामागे टक्केवारी आहे. 'संभाव्य' म्हणजे निदान ६६ टक्के, 'फार संभाव्य' म्हणजे निदान ९०, 'अत्यंत संभाव्य' म्हणजे निदान ९५. पुरावा जमत गेला तसा शब्द बदलत गेला. सव्वीस वर्षं लागली. याच मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं चुकीचं वाक्य घुसलं होतं. २०१० मध्ये त्यांनी ते चूक म्हणून जाहीर केलं. काही लोक हे उदाहरण विज्ञान खोटं असल्याचा पुरावा म्हणून देतात. मला उलट वाटतं. ज्या ग्रंथांत चूक निघूच शकत नाही असं म्हणतात, त्यांचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे.

मग अनिश्चितता कुठे आहे? पहिली अशी की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान नेमकं किती वाढेल. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या चार्नी समितीने सांगितलं, दीड ते साडेचार अंश. २०२१ मध्ये आयपीसीसीने संभाव्य पट्टा दिला, अडीच ते चार. चाळीस वर्षांत पट्टा निम्म्यावर आला, एवढंच. यातली मोठी अडचण ढगांची. तापलेल्या हवेत कुठले ढग वाढतील आणि कुठले घटतील यावर बरंच अवलंबून आहे, आणि काही ढग ऊन अडवतात तर काही उष्णता अडवतात. पण खालचं टोक बघा. ते शून्य नाही. या पट्ट्यात 'काहीच होणार नाही' असा पर्यायच नाही. आणि शतकाच्या उत्तरार्धात तापमान किती असेल याची सगळ्यात मोठी अनिश्चितता ढगांत नाहीच. माणसं किती कोळसा, तेल आणि वायू जाळतील, यात ती आहे.

दुसरी अनिश्चितता समजून घ्यायला मी तुम्हाला तोंडी परीक्षेकडे नेते. समजा, एका विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत उत्तम गुण आहेत आणि मुलाखतीत शंभरपैकी पाच. जातीमुळे कमी दिले, हे सिद्ध करता येईल का? त्या एकट्याच्या बाबतीत जवळपास अशक्य. समिती म्हणेल, त्या दिवशी त्याला उत्तरं आली नाहीत. कदाचित खरंच आली नसतील. पण शेकडो विद्यार्थ्यांचे लेखी आणि तोंडी गुण शेजारी मांडले आणि एका बाजूचेच विद्यार्थी सारखे तोंडीत घसरताना दिसले, तर मग चित्र लपत नाही. जेएनयूमध्ये अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये हेच केलं, गुणांचे आकडे शेजारी ठेवले, आणि तोंडी परीक्षेचं वजन ३० वरून १५ करण्याची शिफारस केली.

उष्णतेच्या एका लाटेचं असंच असतं. ही लाट हवामान बदलामुळेच आली का, असं विचारलं तर प्रामाणिक शास्त्रज्ञ हो किंवा नाही म्हणणार नाही. लाटा पूर्वीही यायच्या. तो सांगेल की अशी लाट येण्याची शक्यता किती पटीने वाढली. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत आणि पाकिस्तानात लाट आली. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने हिशेब केला की हवामान बदलामुळे तिची शक्यता सुमारे ३० पट झाली. ब्रिटनच्या हवामान खात्याने जरा वेगळा प्रश्न विचारला, २०१० चा विक्रम मोडण्याची शक्यता किती वाढली असा. त्यांचं उत्तर सुमारे १०० पट आलं. तीस आणि शंभर यांत फरक खूप आहे. पण दोन्ही उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवतात.

आणि आता एक उलटं उदाहरण, कारण फक्त सोयीची उदाहरणं देणं बरं नाही. १९ मे २०१६ ला राजस्थानात फलोदीला ५१ अंशांची नोंद झाली. तेव्हाचा तो भारतातला विक्रम. शास्त्रज्ञांनी त्याचाही अभ्यास केला आणि सांगितलं की अशा टोकाच्या दिवसाच्या तापमानात हवामान बदलाची स्पष्ट खूण त्यांना भारतातल्या नोंदींत सापडत नाही. हे वाचून मी चक्रावले होते. कारण वाचल्यावर मात्र आपला विषय इथेच आहे हे कळलं.

कारणं दोन. एक, आपल्या डोक्यावरचा धूर. वीजकेंद्रं, गाड्या, चुली, जाळलेली धाटं यांतून निघणारे सूक्ष्म कण सूर्यकिरण अडवतात. म्हणजे उत्तर भारतातल्या घाणेरड्या हवेने तापमानवाढीवर पडदा टाकलाय. त्या पडद्याची किंमत फुफ्फुसं मोजतात, आणि हवा स्वच्छ झाली की मागची उष्णता पुढे येणार. हवा स्वच्छ करायचीच आहे, तो प्रश्नच नाही. पण किती उष्णता झाकली गेली आहे याचा नेमका आकडा आज कुणाकडे नाही. दुसरं कारण सिंचन. भिजलेली जमीन दुपारची हवा थंड ठेवते. त्यामुळे कालव्याच्या आणि ट्यूबवेलच्या पट्ट्यात थर्मामीटर कमी दाखवतो. पण तेच पाणी हवेत दमटपणा वाढवतं.

इथे माठ आठवा. माठातलं पाणी गार होतं कारण बाहेरचा ओलावा उडून जातो. कोकणात, दमट हवेत, माठ तितका गार होत नाही. माणसाचं शरीरही माठच आहे. घाम उडाला तर निवतं, नाही उडाला तर आतून तापत जातं. म्हणून शास्त्रज्ञ ओल्या फडक्याचा थर्मामीटर वापरतात. या मापावर ३५ अंशांपुढे माणूस तग धरू शकत नाही, असं २०१० च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात मांडलं होतं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही सीमा ३१ च्या आसपासच निघाली. ते लोक तरुण आणि निरोगी होते आणि हलकं काम करत होते. गरोदरपणात विटा वाहणाऱ्या बाईसाठी हा आकडा किती? त्यावरचं विज्ञान फारच तोकडं आहे.

आता पंजाबातलं भाताचं शेत डोळ्यांसमोर आणा. थर्मामीटर सांगतो, सिंचनामुळे तापमान जरा कमी आहे. त्या चिखलात वाकून लावणी कोण करतं? बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर आणि गावातल्या दलित बायका. पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती जवळपास ३२ टक्के आहेत आणि त्यांच्या वहिवाटीतली शेतजमीन चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे सिंचनाचं पीक एकाचं, आणि त्या सिंचनाचा दमटपणा दुसऱ्याच्या अंगावर. २००९ मध्ये पंजाबने भूजल वाचवायला कायदा केला आणि जूनच्या ठरावीक तारखेआधी लावणीला बंदी घातली. पाण्यासाठी तो कायदा योग्यच होता. लावणीची तारीख ठरवताना लावणी करणाऱ्याच्या शरीराचा विचार मात्र त्यात कुठे नाही.

पावसाचं त्याहून गुंतागुंतीचं आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे पाऊस वाढायला हवा. पण केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस देशात सुमारे सहा टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आणि सह्याद्रीत. पुन्हा त्या धुराचाच यात मोठा हात मानतात. त्याच वेळी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या. एकूण पाऊस कमी आणि बदाबदा कोसळणारा पाऊस जास्त. गावाकडचे लोक म्हणतात ना, पडतो तेव्हा झोडपतो आणि नाहीतर तोंड दाखवत नाही, त्यात तथ्य आहे. पुढच्या दहा-वीस वर्षांत तुमच्या तालुक्यात पाऊस वाढेल की घटेल? हे आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा, तो विमा विकत असेल.

सावधपणाची आणखी एक गोष्ट. आता प्रत्येक आपत्तीला हवामान बदल हे नाव द्यायची पद्धत पडली आहे, आणि हे नाव अधिकाऱ्यांना फार आवडू लागलं आहे. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथे कोसी नदीचा बंधारा फुटला आणि उत्तर बिहार बुडाला. त्या बंधाऱ्याची क्षमता साडेनऊ लाख क्युसेकची. फुटला तेव्हा नदीत होतं दीड लाखापेक्षाही कमी पाणी. म्हणजे पाऊस विक्रमी नव्हता, देखभाल नव्हती. आणि नंतर मुसहर टोल्यांपर्यंत नावा आणि धान्य कसं पोचलं, खरं तर कसं पोचलं नाही, याचे अहवाल दलित संघटनांनीच तयार केले. अशा वेळी 'निसर्गाचा कोप' आणि 'जागतिक तापमानवाढ' हे दोन्ही शब्द एकच काम करतात, फाइल बंद करायचं. म्हणून विज्ञान नीट वाचणं आपल्या फायद्याचं आहे. कुठे कार्बनचा दोष आणि कुठे कंत्राटदाराचा, हे वेगळं करता आलं पाहिजे.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं होतं तिथे येते. ही जी अनिश्चितता आहे, ती सगळीच निसर्गाची नाही. काही आपण मोजलं नाही म्हणून आहे.

हवामान खात्याचा थर्मामीटर कुठे असतो? पांढऱ्या, झिलमिलीच्या लाकडी पेटीत. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागी, सावलीत, वारा खेळता राहील असा. याला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. जगभर हीच पद्धत आहे आणि ती बरोबर आहे, नाहीतर कोलकात्याची तुलना कैरोशी करता येणार नाही. भारतात ही उपकरणं इथेच बनवायचं आणि त्यांची मापं पक्की करायचं मोठं काम ॲना मणी यांनी पुण्यात उभं केलं. (त्यांना पीएच.डी. दिली नाही, कारण एम.एस्सी. नव्हती. इथे ज्यांचे प्रबंध अडकलेत त्यांच्यासाठी सांगितलं.) पण ही पेटी हवेचं तापमान मोजते, माणसाचं नाही. वीटभट्टीवर पथाई करणाऱ्याच्या डोक्यावर सावली नसते, शेजारी भट्टी पेटलेली असते, पायाखालची माती तापलेली असते. गटाराच्या मॅनहोलमध्ये वारा खेळता नसतो. पत्र्याच्या खोलीत रात्रीही निवत नाही. टीव्हीवर ४१ अंश म्हणतात तेव्हा ते पेटीतले ४१ अंश असतात.

खात्याचे निकषही त्या पेटीवरच उभे आहेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० आणि किनाऱ्यावर ३७ असेल, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं, तर लाट. नाहीतर थेट ४५ ला. दमटपणा या व्याख्येत नाही. म्हणजे किनाऱ्यावर ३६ अंश आणि घामटा काढणारी हवा असेल, तर कागदावर लाट नाही.

मग मेलेल्यांची मोजणी. उष्माघाताच्या मृत्यूंचे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देतो, आरोग्य मंत्रालय देतं, हवामान खातंही देतं, आणि तिन्ही जुळत नाहीत. कारण ऊन माणसाला मारतं तेव्हा सही करून जात नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहितात, किंवा काहीच लिहीत नाहीत. म्हणून संशोधक वेगळी वाट घेतात. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेनंतर आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा त्या एका महिन्यात एका शहरात १३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातूनच २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्मा कृती आराखडा आला. हे काम मोलाचं आहे. पण ते १३४४ कोण होते? गुन्हे विभागाच्या तक्त्यात वय आणि लिंग असतं, जात नसते. जी गोष्ट तक्त्यातच नाही, तिच्यावर मग 'पुरावा नाही' असा शेरा पडतो.

हे हळूहळू बदलतंय. बंगळूरच्या आयआयएममधले अर्पित शाह, दीपक मलघन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारच्या श्रमबल पाहणीतले कामाचे तास आणि उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला उष्णतेचा भार एकत्र मांडला. वंचित जातींच्या वाट्याला कामाच्या तासांत येणारी उष्णता वरच्या जातींपेक्षा जास्त असल्याचं त्यांनी दाखवलं. आपण म्हणू, यात नवीन काय? नवीन हे की आता हे वाक्य आकड्यासकट, तपासून बघता येईल असं उभं आहे.

सांख्यिकीच्या पेपरात आपण दोन चुका शिकलो आहोत. नसलेली गोष्ट आहे म्हणणं, ही पहिल्या प्रकारची. असलेली गोष्ट नाही म्हणणं, ही दुसऱ्या प्रकारची. शास्त्रज्ञ पहिल्या चुकीला जास्त घाबरतात, आणि शोधनिबंधात ते योग्यच आहे. पण धोरणात या दोन चुकांची किंमत वेगवेगळी माणसं भरतात. लाटेचा इशारा दिला आणि लाट आली नाही, तर ठेकेदाराचं थोडं काम खोळंबतं. इशारा दिला नाही आणि लाट आली, तर मजूर मरतो. तेल कंपन्यांना हा हिशेब आपल्या आधी कळला होता. एक्सॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात काढलेले तापमानाचे अंदाज पुढे बरोबर निघाले, हे २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं गेलं. कंपनी बाहेर मात्र वर्षानुवर्षं अनिश्चिततेचा पाढा वाचत राहिली. आपल्याकडे हा खेळ सरासरीचा चालतो. भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेच्या तुलनेत फारच थोडं. आंतरराष्ट्रीय परिषदेत हे सांगणं न्यायाचंच आहे. पण ती सरासरी खाली ठेवणारे कोण आणि तिच्याआड एसी लावून बसलेले कोण, हे परिषदेतून परत आल्यावर विचारायला हवं.

आणि काम थांबवा एवढं म्हटल्यानेही भागत नाही. भट्टीवर हजार विटांमागे मजुरी असते. दुपारी चार तास बंद म्हणजे चार तासांच्या विटा गेल्या, आणि उचल तर डोक्यावर आहेच. पगाराशिवायची उन्हाची सुट्टी म्हणजे अनिश्चिततेचं बिल पुन्हा मजुराच्याच नावावर. 'सेवा' या संघटनेने असंघटित स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला, त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तापमान ठरलेल्या आकड्यावर गेलं की पैसे मिळतात, तू आजारी पडलीस हे सिद्ध कर असं कुणी म्हणत नाही. सिद्ध करायचं ओझं मजुरावरून उतरवलंय. अर्थात तो आकडा कुठे लावायचा, पेटीतल्या तापमानावर की प्रत्यक्ष जागेवरच्या, हा वाद उरतोच. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये देशातले ३७ उष्मा कृती आराखडे तपासले. स्थानिक पातळीचे तापमानाचे उंबरठे फक्त १० आराखड्यांत दिसले. कोणाला जास्त धोका आहे याचा नीट अभ्यास केलेले फक्त दोन.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. उन्हातल्या कामासाठी एक उपकरण असतं, त्यात तीन थर्मामीटर असतात. एक साधा, एक ओल्या फडक्याचा आणि एक काळ्या गोळ्यात बसवलेला, जो ऊन आणि भट्टीची धग दोन्ही धरतो. तिन्हींवरून एक आकडा निघतो आणि तो माणसाच्या अंगावर काय येतंय याच्या बराच जवळ जातो. एका जिल्ह्यात तुम्ही चौघं-पाचजणं असाल तर एक एप्रिल-मे एवढं मोजा. नाका, भट्टी, ऊसतोडीचा फड, सफाई कामगारांची चौकी, कुठेही. वेळ लिहा, सावली की ऊन ते लिहा, जमिनीपासून उंची लिहा, जवळच्या सरकारी केंद्राचा त्याच वेळचा आकडा शेजारी लिहा. उपकरण आधी तपासून घ्या. मे २०२४ मध्ये दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर गाजले. खात्याने तपासलं तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्यांचा चुकू शकतो, तर आपलाही चुकू शकतो, आणि आपला चुकला तर कुणी उदार मनाने सोडून देणार नाही.

तुमच्या जिल्ह्याचा किंवा शहराचा आराखडा असेल तर तो मिळवा. ऑनलाइन नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्यात 'असुरक्षित घटक' असा एक परिच्छेद असतो. तिथे कोणाची नावं आहेत ते बघा आणि तुम्ही जिथे मोजलं ती माणसं त्यात आहेत का ते बघा.

नोंदींचा एक कोरा तक्ता मी छापून आणलाय, मागच्या टेबलावर आहे. तो कसा भरायचा ते चहानंतर दाखवते. आधी प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू या.